एक ओळ ढिली

आबा गावोगावच्या बाजा विणायचे, आणि आमच्या घरची बाज मात्र झोळीसारखी लोंबायची. तिच्यावर निजलं की पाठ जमिनीला टेकायची. आम्ही तिघं भावंडं रात्री तीन बाजूंना निजायचो आणि घरंगळत मधोमध एका ढिगात जमा व्हायचो. सकाळी कुणाचा पाय कुणाचा, हे मायला सोडवावं लागायचं.

मुदखेडच्या स्टेशनापासून तासभर चाललं की आमचं गाव येतं. होळी झाली की तिकडं माणसं अंगणात निजायला लागतात. त्याआधी बाजा कसून घ्यायच्या, म्हणून होळीच्या आगेमागे दीड-दोन महिने आबांचा हंगाम. अंबाडीच्या वाखाचा सुंभ ते स्वतः वळायचे. खांद्यावर सुंभाची वेटोळी, हातात लाकडी टोचा, आणि मागून मी, शाळेला दांडी मारून. बाज विणून झाली की पायथ्याकडच्या मोकळ्या जागेत एक दोरी ओवतात आणि चौकटीला पाय लावून ती ओढतात. ती ओढली की सगळी बाज ढोलकीसारखी ताठ होते. ते ओढायचं काम माझं. आबा तिकडं घरमालकाशी बोलत तंबाखू मळायचे, आणि मी इकडं दात-ओठ खाऊन ओढायची.

बाकीचे महिने आबा मिळेल त्या मजुरीला, आणि माय फुलांच्या मळ्यात गलांडा तोडायला. मायची बोटं उन्हाळाभर पिवळी असायची. एकदा मी आबांना विचारलं, "आपल्या बाजंला काऊन न्हाई सुंभ घालत?"

"हा लोकाच्या बाजंचा हाय, बाई," आबा म्हणाले. "आपल्याला काय, जमीन हाय की खाली."

आमच्या नावावर टीचभर जमीन नव्हती. स्वतःच्याच बोलण्यावर आबा किती तरी वेळ हसत बसले.

पुढं लोखंडी पलंग आले. त्यांना विणावं लागत नाही, कसावं लागत नाही. एका होळीला आबा सकाळी जी वेटोळी घेऊन निघाले, तीच दुपारी घेऊन परत आले. मायनं ती खुंटीला अडकवली. "राहू द्या, पुढच्या होळीला लागंल," म्हणाली. पुढच्या होळीलाही ती तिथंच होती. मग मी तिच्यावर माझं दप्तर अडकवायला लागले.

हे सगळं आज लिहायला बसले, कारण मार्च संपत आलाय आणि माझं दुकान रॅकेटींनी भरलंय. लातूरला माझं एक शटर आहे. वर्षभर काम असतं, पण परीक्षा संपल्या की जे सुरू होतं त्याची मजा वेगळी. बाराबारा तास क्लासमध्ये बसलेली पोरं एका दिवसात मोकळी होतात आणि माळ्यावरची रॅकेट आठवते. कव्हरची चेन गंजलेली, मुठीचं रबर सुटलेलं, आणि मधोमध तुटलेली तार दोन्हीकडं वळून बसलेली. "ताई, गटिंग गेलंय." गटिंग म्हणजे रॅकेटची जाळी विणणं. पूर्वी ही तार जनावराच्या आतड्याची, म्हणजे 'गट'ची असायची, त्यावरून हा शब्द आला हे पोरांना माहीत नसतं, आणि तार नायलॉनची असली तरी तिला तार का म्हणतात तेही नसतं. त्यांना संध्याकाळी खेळायचं असतं. तापलेल्या शटरचा वास, नव्या गुंडाळीचा वास, बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावरची घुंगरं. हा माझा सगळ्यात आवडता महिना. आबांचा हंगाम आणि माझा हंगाम एकच निघाला, हे माझ्या लक्षात यायलाही दोन-तीन वर्षं गेली.

जाळी विणून झाली की मी तिच्यावर नखानं टिचकी मारते. टण्. त्या एका आवाजात मी नांदेडच्या त्या कोर्टावर जाऊन येते.

तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. नांदेडला एका टेनिस कोर्टावर काम मिळालं होतं. सकाळी मातीवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या, नेट लावायचं. तिथले शेखमामा पायाच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर होते, त्यांच्या जागेवर मी. त्या कामावर माझी खोली आणि मेस चालायची. होळीच्या सुमाराला मामा काठी टेकत परत आले. मला आनंद झाला, आणि मेसचे किती दिवस उरलेत ते मी बोटांवर मोजलं. परीक्षा मेमध्ये. काम सुटलं की पोरगी घरी, आणि आत्यानं एक स्थळ बघूनच ठेवलं होतं. लग्न झाल्यावर पेपर द्यायचा की नाही, ते मग दुसऱ्या घरातले लोक ठरवणार.

कोर्टाचं बघणारे इनामदार सर. त्यांच्या ऑफिसात कापडाखाली एक मशीन होतं.

"गटिंगवाला हैदराबादला गेला," सर एकदा म्हणाले. "हे नुसतं पडून आहे. कुणाला जाळी विणता येत असेल तर ठीक, नाहीतर विकून टाकतो."

"मला येतं विणता," मी म्हणाले.

"तुला? कुठं शिकलीस?"

"घरी."

मी खोटं बोलले नव्हते. माझ्या डोक्यात बाज होती.

सरांनी एक जुनी रॅकेट दिली आणि बाहेर गेले. मी मशीनकडं बघितलंसुद्धा नाही. मांडी घालून बसले, उभ्या तारा घातल्या, आडव्या घातल्या, वरून-खालून, वरून-खालून, सगळं छान ढिलं-ढिलं. शेवटी रॅकेट दोन्ही पायांत धरली आणि पायथ्याची तार जीव खाऊन ओढली. बाजेला ओढतात तशी. खालच्या चार ओळी ताठ झाल्या, वरचं सगळं तसंच लोंबत राहिलं, आणि फ्रेम एका अंगानं भोपळ्यासारखी दबली.

शेखमामा दारात उभे होते. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, रॅकेट हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली.

"अरे, ये तो बाज बुन दी रे छोकरी ने! सर, चद्दर लाऊं क्या, लेटने कू?"

त्या दिवसापासून मी बाजवाली. कोर्टावरची पोरं-पोरी, सगळे बाजवाली म्हणायला लागले. मला राग यायचा असं वाटत असेल, तर नाही. लाज वाटली ती येतं म्हणून सांगितल्याची. बाजेचं मला काय वाईट वाटणार? तिच्यावरच तर आम्ही जेवलो होतो.

सर आत आले, पण हसले नाहीत. त्यांनी दबलेली फ्रेम बाजूला ठेवली आणि म्हणाले, "पंधरा दिवसांनी लातूरला स्पर्धा आहे. रेवतीच्या दोन रॅकेटी तू विणायच्या. स्पर्धेत टिकल्या तर मशीन राहील, आणि त्याच्यासोबत तू. नाही टिकल्या तर दोन्ही नाही." रेवती म्हणजे आमच्या कोर्टाची सगळ्यात चांगली खेळाडू. बॉल असा मारायची की समोरचा मागं सरकायचा. रॅकेटच्या तारांशी तिचं वैर होतं.

सरांनी मला उभ्या तारा शिकवल्या, त्यांना तेवढ्याच येत होत्या. तारेचा मध्य काढायचा, दोन्ही टोकं मधल्या दोन भोकांतून सोडायची, आणि मग एक ओळ डावीकडं, एक उजवीकडं, असं बाहेर-बाहेर जायचं. एकाच बाजूनं गेलं तर फ्रेम तिकडं झुकते. प्रत्येक तार घातली की तिथंच ओढायची. तार मशीनच्या दांड्यात अडकवायची, हँडल फिरवायचं. ठरवलेला ताण आला की खट् वाजून ते आपोआप थांबतं. चिमट्यानं तार पकडून ठेवायची, मग पुढची. मला हे फार विचित्र वाटलं. आमच्याकडं ताण शेवटी यायचा, एकदम, सगळ्या बाजेला. इथं पहिल्या तारेपासूनच ताण. आठ-दहा दिवसांत सोळाच्या सोळा उभ्या तारा मला डोळे मिटून यायला लागल्या. बोटानं छेडल्या की सतारीसारख्या बोलायच्या.

आडव्या तारांनी मात्र रडवलं. त्या एकोणीस. ताठ उभ्या तारांतून एक वरून, एक खालून असं टोक काढत न्यायचं. पहिल्या चार-पाच सरळ जायच्या. मग प्रत्येक ओळ भिंतीत खिळा ठोकल्यासारखी. बोटांची साल निघाली. सकाळी बसले की एक रॅकेट पुरी व्हायला जेवणाची वेळ टळून जायची. आणि स्पर्धेला तीन दिवस असताना, सरावात, रेवतीच्या हातात माझी जाळी फट्दिशी तुटली. तारेवर जिथं जिथं दुसरी तार आडवी गेली होती तिथं बारीक खाचा पडल्या होत्या.

"बाजवाली ताई," रेवती बिचारी हळूच म्हणाली, "माझंच मारणं जोराचं आहे."

"तू गप," मी म्हणाले. तिची चूक असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुदखेडहून आबा आले. पांढरा सदरा, हातात भाकरीचं फडकं. मला वाटलं सहज आले. बाकावर बसल्यावर म्हणाले, "मामा परत आले म्हणं कामावर. मग तुझं काय हाय आता इथं? तुझ्या आत्यानं आयतवारी पाव्हणे बलावलेत. चल गावाकडं."

मी मशीनकडं वळले. रेवतीची रॅकेट मशीनवर लावलेली होती, उभ्या तारा झालेल्या, आडव्या पाच. मी सहावी घालायला लागले. डोळ्यांत पाणी आल्यावर वरून-खालून कळत नाही. दोनदा चुकले.

आबा उठून जवळ आले. चपला दाराबाहेर काढून, जसे ते कुणाच्याही ओसरीवर जातात तसे.

"ही एवढीशी बाज? कोण निजतं हिच्यावर?"

"बॉल," मी म्हणाले.

आबांना हसू आलं, मला पण आलं, आणि नाक पुसायला वेळ मिळाला.

"विनाय कवा शिकलीस तू?" ते म्हणाले. "तू तं फकस्त ओढत व्हतीस."

हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. इतकी वर्षं मी बाज विणते असं समजत होते, आणि विणायचे ते आबा. मी त्यांच्या हाताकडं बघितलंच नव्हतं. माझं लक्ष कायम पायथ्याशी.

आबा वाकून बघत राहिले. मी सहावी ओळ काढली, दांड्यात अडकवली, खट्. सातवी घालायला लागले, अडली.

"थांब. काय करून राहिलीस तू? घातली की ओढली, घातली की ओढली. मागची ओळ घट्ट बसली, तिनं या उभ्या दोऱ्या वर-खाली दाबून धरल्या. आता पुढची ओळ नेमकी उलटी जायची. कशी जाईल? तिला वाट कुठं हाय?"

"मग?"

"एक ओळ ढिली ठिव. सातवी घाल, वढू नको. आठवी घाल. मग सातवी वढ. मग नववी घाल, आठवी वढ. हात म्होरं, वढ मागं. आन् वढताना सरळ नको खेचू, एकाच जागी घासती. सापावानी ने, वर-खाली हालवत."

मी सहावी सोडवून घेतली. सातवी तिच्या शेजारून लोण्यातून गेल्यासारखी गेली. मग सहावी ओढली, आबा एका बोटानं तारेला वर-खाली वाक देत राहिले. खट्. आठवी घातली. सातवी ओढली. खट्. माझ्या बोटांना कळायच्या आत आम्ही चौदाव्या ओळीवर होतो. आबा मधून मधून नुसतं "हां" म्हणत होते. बाहेर शेखमामा पाइपनं कोर्टावर पाणी मारत होते, ओल्या मातीचा वास आत येत होता. शेवटची गाठ मारली तेव्हा ताटं वाढायला अजून बराच वेळ होता.

आबांनी रॅकेट हातात घेऊन तळव्यानं दाबून बघितली, बाज दाबतात तशी. मग नखानं टिचकी मारली. टण्.

"अब्बा है क्या बाजवाली के?" मामा दारातून म्हणाले. "सलाम चाचा."

"जयभीम," आबा म्हणाले.

भाकरी आम्ही तिघांनी मिळून खाल्ली. मग आबा पायात चपला घालून निघाले. मी पिशवी भरायला उठले, तर म्हणाले, "तू कुठं? दुसरी बाज कोण विनंल? तुझ्या आत्याला सांगतो मी, पोरगी कामात हाय. पेपर देऊन यील." आणि दुपारच्या गाडीनं एकटेच गेले.

लातूरला आम्ही सरांच्या जीपनं गेलो. अहमदपूरच्या स्टँडबाहेर चहाला थांबलो. दोन्ही रॅकेटी मी मांडीवरून खाली ठेवल्या नाहीत, चहा एका हातानं प्यायले. त्या दोन दिवसांत मी टेनिस काय बघितलं ते मला विचारू नका. बॉल कुठं पडला, गुण कुणाला, काही माहीत नाही. रेवतीनं मारला की मी फक्त आवाज ऐकायची. टण्. ठीक. टण्. ठीक. पहिल्या दिवशी ती दोन सामने जिंकली. दुसऱ्या दिवशी सेमी फायनलला हरली, तिसरा सेट इतका लांबला की दोघी पोरी शेवटी एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. ती घामानं निथळत बाहेर आली. तिला पाणी द्यायच्या आधी मी विचारलं, "तुटली का गं?"

"मी हरलेय, ताई!"

"हो, पण तुटली का?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवून दोन्ही रॅकेटी उन्हाला धरल्या. एकेका चौकटीतून आभाळ बघितलं. एकही तार गेली नव्हती. परतीच्या वाटेवर, अहमदपूर मागं पडल्यावर, ते पुढच्या सीटवरून मागं न बघता म्हणाले, "मशीनवरचं ते कापड आता काढूनच ठेव. रोज कशाला झाकायचं?"

मी खिडकीबाहेर तोंड काढून हसले. वाऱ्यानं डोळ्यांत धूळ गेली, तरी हसले.

"अब चद्दर नई लगती, बाजवाली," मामा दुसऱ्या दिवशी म्हणाले. नाव मात्र राहिलंच, पुढं लातूरला दुकान टाकलं तरी. आज लातुरातल्या कितीतरी मोबाइलमध्ये माझा नंबर 'बाजवाली ताई' म्हणूनच आहे. परवा शिरूर अनंतपाळकडची एक बाई मुलीची रॅकेट घेऊन आली. मुलगी इथं क्लासला. बाई स्टुलावर बसून माझे हात बघत राहिली आणि म्हणाली, "बाजच की वं ही." मी म्हटलं, "हाव, मावशी. बाजच हाय." मशीन आता नवं आहे, हँडल फिरवावं लागत नाही, बटण दाबलं की ओढतं. पण एक ओळ ढिली ठेवायची ते माझ्याच हातात आहे, ते बटणात नाही.

त्या वर्षी अभ्यासही मी तसाच केला. कॉस्टिंगचा एक धडा पूर्ण पाठ झाल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही, अशी माझी जुनी सवय. त्यामुळं मी कायम तिसऱ्या धड्यावर अडकलेली. मग पुढचा धडा आधी वाचून काढायचा आणि मागचा घट्ट करायचा, असं सुरू केलं. सकाळी रॅकेटी, दुपारी पुस्तक. कोर्टावरच्या लिंबाला मोहोर आला होता, वहीच्या पानांत बारीक पांढरी फुलं पडायची. अजून ती वही माझ्याकडं आहे, उघडली की चुरा पडतो.

पेपर झाले आणि मी गावी गेले. आबांनी खुंटीवरचं माझं दप्तर काढून खाली ठेवलं, सुंभाची वेटोळी काढली आणि घंगाळात भिजत घातली.

"कुणाची बाज हाय?" मी विचारलं.

"घरची," आबा म्हणाले. "हिकडं डोक्याकडं बस तू. विन. मी वढतो."

मी विणली. एक ओळ ढिली ठेवत, हात पुढं, ओढ मागं. आबा पायथ्याशी बसले, चौकटीला पाय लावून त्यांनी ओढलं, दात-ओठ खाऊन, आणि मायनं पिवळ्या बोटांच्या हातानं दाबून बघितलं. "आता पाठ न्हाई टेकत," म्हणाली. धाकटी दोघं तिच्यावर उड्या मारायला लागली तेव्हा माय त्यांना रागवलीसुद्धा नाही.

निकाल मी त्याच बाजेवर बसून मोबाइलवर बघितला. बी.कॉम., सेकंड क्लास. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.